थंडीचं कारण

डिसेंबर लागला की वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या सोसायट्यांमध्ये साठी ओलांडलेल्या बायकांच्या पेहरावात एक बदल होतो. तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो परकराच्या आत होतो. वरून नेहमीचीच पाचवारी, खांद्यावर शाल, पायांत अंगठा वेगळा असलेले मोजे आणि चपला. पण परकराखाली लेगिंग चढलेली असते. याच वेषात दूध आणणं होतं, तुळशीधाम चार रस्त्यावरची भाजी होते, देऊळ होतं. विचारलंत तर त्या सहज सांगतील, ‘पाय गार पडतात गं, सांधे धरतात.’ तीच लेगिंग कुडत्याखाली, चारचौघांना दिसेल अशी घालायची म्हटली की मात्र त्यांचाच आवाज बदलतो. ‘या वयात शोभेल का?’

हा प्रश्न मी गेली काही वर्षं ऐकते आहे, आणि माझं उत्तर ठाम आहे: शोभते, आणि नीट निवडली तर साडीइतकीच सुखाची होते. पण हे उत्तर एका वाक्यात देऊन भागत नाही, कारण प्रश्नामागे आपल्या घरांचा एक जुना रिवाज उभा आहे. वयस्क बाईला कपडा बदलायची मुभा आपण नेहमीच दिली आहे. फक्त तिने कारण दाखवलं पाहिजे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की गाऊन चालतो. चारधामला निघाली की पंजाबी ड्रेस चालतो. मुलीचं बाळंतपण करायला न्यू जर्सीला गेली की पँटही चालते, तिथले फोटो कौतुकाने नातेवाइकांना पाठवले जातात, आणि परतल्यावर ती पँट कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात जाते. दुखणं, देव आणि परदेश ही कारणं घर मान्य करतं. ‘मला यात बरं वाटतं’ हे कारण अजून पुरत नाही, आणि ‘मला हे आवडतं’ हे तर कारण म्हणून उच्चारलंच जात नाही.

थंडी या यादीत कुठे बसते? अगदी उंबरठ्यावर. तिच्यात दुखणंही आहे आणि सुखाची इच्छाही आहे, म्हणून तिच्या आडोशाने बरंच काही आत येऊ शकतं.

वडोदऱ्याची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो, ऊन अंगाला गोड लागतं, आणि मग गुजरातेत कसली आली थंडी, असं पुण्याहून आलेला पाहुणा म्हणतो. पण पहाटे तोच पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, कोरडा ईशान्य वारा सुटतो, आणि घरं सगळी उन्हाळ्यासाठी बांधलेली: उंच छत, मोठ्या खिडक्या, कोटा फरशी. पहाटे पाचला त्या फरशीवर पाय टेकणाऱ्या बाईला थंडी कशी असते ते विचारावं. म्हातारपणी त्वचा पातळ होते, स्नायू झडतात, म्हणजे शरीराची उष्णता तयार करणारी जागाच आटते. थंडी वाजली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून ऊब आत राखतात, ते कामही वयानुसार ढिलं पडतं. शिवाय पाय गार पडल्याचं वृद्धांना तरुणांपेक्षा उशिरा जाणवतं. ‘मला नाही एवढी थंडी वाजत’ असं आई म्हणते तेव्हा तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. तिची पोटरी हाताला गार लागते का ते पाहावं.

साडी या थंडीत कमी पडते. परकर आणि निऱ्यांच्या आत हवा खेळती राहते, हा उन्हाळ्यातला तिचा मोठा गुण जानेवारीत अवगुण होतो. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा दोन थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेतून येते. म्हणून परकराखालची पातळ लेगिंगही चांगली ऊब देते आणि कुडत्याखाली एकटी घातलेली तीच लेगिंग पहाटे कमी पडते. ज्यांना ती उघडपणे घालायची आहे त्यांनी जाड विणीची घ्यावी. आतून लव काढलेली किंवा लोकरीची लेगिंग लुधियानाहून येते, हिवाळ्यात शहरात स्वेटर घेऊन येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडेही मिळते. पण ती पहाटेपुरती आणि रात्रीपुरती. दुपारी बाराला वडोदऱ्यात ती अंगावर असेल तर मांड्यांना घाम येतो आणि कोरड्या त्वचेला खाज सुटते. दिवसभरासाठी सुती-लायक्राच बरी. घालण्याआधी पायांना तेल चोळावं, आणि खोबरेल गोठलेलं असेल तर तिळाचं घ्यावं.

लायक्राचा इतिहास मला इथे महत्त्वाचा वाटतो. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने हा धागा तयार केला. हवा होता तो बायकांची कंबर आणि पोट आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांसाठी, रबराच्या जागी. आज तोच धागा शंभरात पाच-सहा भाग सुतात मिसळला की गुडघा वाकेल तसं कापड वाकतं आणि उठल्यावर पुन्हा जागेवर येतं. सुखाचा कपडा आणि आवळणारा कपडा यांच्यात फरक फक्त मापाचा आणि प्रमाणाचा राहतो. म्हणून दुकानदार ‘फ्री साइज आहे, ताणते’ म्हणाला तरी ऐकू नये. संध्याकाळी कमरेवर किंवा घोट्यावर खोल वळ दिसला तर माप चुकलं आहे. पायांना सूज येत असेल, मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर घट्ट लेगिंग टाळावी. आणि शिरा फुगलेल्या बाईने लेगिंगला डॉक्टरांनी दिलेल्या दाबाच्या मोज्यांची जागा देऊ नये. त्या मोज्यांचा दाब मोजून ठरवलेला असतो.

सलवारीच्या बाजूने बोलणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सैल, झाकणारी, ओळखीची. पण संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या बाईला रात्री दोनदा-तीनदा उठून नाडीची गाठ सोडावी लागते तेव्हा काय होतं, हे कोणी बोलत नाही. नाडीला निरगाठ बसली की घाई, मग ओशाळलेपण, मग रात्री पाणी पिणंच कमी करणं. रुंद इलॅस्टिकचा कमरपट्टा ही अडचण संपवतो. जिन्यावर सलवारीचा घेर किंवा साडीचा काठ पायात येतो, लेगिंग घोट्याशी संपते. तिचा धोका वेगळाच आहे, तो घालताना असतो. एका पायावर उभं राहून ती कधीही चढवू नये. पलंगाच्या कडेवर बसून दोन्ही पाय आत घालावेत आणि मगच उठावं.

आता शोभण्याचं. पाय वेगवेगळे दिसणारा कपडा मराठी बाईला नवा आहे, असं समजून सगळी चर्चा चालते, आणि ते खरं नाही. नऊवारीचा कासोटा दोन्ही पायांना स्वतंत्र गुंडाळतो. कोळणीचं लुगडं तर गुडघ्यापर्यंत घट्ट, पोटऱ्या उघड्या. सत्तरीची कोळीण टोपली घेऊन बाजारात बसते तेव्हा तिला कोणी वय विचारत नाही. शेतावर वाकलेल्या आजीलाही विचारत नाही. तिथे श्रम हे कारण असतं. पाय झाकणारी, पायघोळ पाचवारी शिकलेल्या घरांतून विसाव्या शतकात पसरत गेली, आणि नऊवारी नेसणाऱ्या सासवांनी सुरुवातीला तिलाच नावं ठेवली. पुढे पंजाबी ड्रेस आला. आधी कॉलेजातल्या मुलींना, मग नोकरी करणाऱ्यांना, मग ‘मूल झालं, आता साडी नेस’ या वाक्याशी झगडत आयांना, आणि आता आज्यांना. प्रत्येक वेळी आक्षेप तोच होता.

याच शहरात दोन बायका होऊन गेल्या, ज्यांच्याकडे कोणी कारण मागितलं नाही. महाराणी चिमणाबाई दुसऱ्या, सयाजीराव महाराजांच्या पत्नी, पडद्याबाहेर आल्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी एस. एम. मित्र यांच्यासह लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या, पन्नाशी उलटल्यानंतर. त्यांची मुलगी इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या आणि १९२२ मध्ये, तिशीच्या सुमारास, विधवा झाल्या. पांढरा रंग रूढीने दिला. पण कापड त्यांनी निवडलं, फ्रान्सचं शिफॉन, आणि त्यांच्यामागून ती साडी देशभरच्या श्रीमंत घरांत गेली. शिफॉन ना औषधाला लागत होतं, ना यात्रेला. त्यांना ते आवडलं. दोघींच्या मागे गादी होती, म्हणून आवड पुरली. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. इतक्या लवकर कायदा बदललेल्या शहरात साध्या घरातल्या आजीची आवड मात्र अजून कारणाच्या रांगेत उभी आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेगिंगमध्ये शरीराचा आकार दिसतो, हा आक्षेप टाळून चालणार नाही. तो तरुण मुलींवरही येतो. २०१५ मध्ये ‘कुमुदम रिपोर्टर’ या तामिळ नियतकालिकाने लेगिंग घातलेल्या मुलींचे, त्यांना न विचारता काढलेले फोटो छापून लेगिंगला अश्लील ठरवलं होतं, आणि त्यावर मोठा संताप उसळला होता. तरुण मुलीने घातली तर पाहणाऱ्याचं मन चळतं म्हणून वाईट, म्हातारीने घातली तर पाहणाऱ्याला बघवत नाही म्हणून वाईट. दोन्हीकडे पाहणाऱ्याची सोय आधी धरलेली आहे. थंडीत कुडकुडणारा पाय त्या हिशोबात कुठेच नाही. नवरात्रात याच शहरात साठीच्या बायका चणिया-चोळीत गरबा खेळतात, घागऱ्याखाली लेगिंगच असते, घेर फिरला की ती दिसते, आणि कोणाचं काही बिघडत नाही. देवीचं कारण आहे ना.

ज्यांना लेगिंग खरोखर आवडत नाही अशा बायकाही मी पाहते. त्यांना अंगाला चिकटणारं काही नको असतं, साडीत त्या मोकळ्या असतात, आणि सुना-मुलींनी हौसेने आणलेली लेगिंग त्यांना जुलूम वाटते. त्यांचं ‘नको’ तितक्याच मानाने ऐकलं पाहिजे. आईला आधुनिक करण्याची मुलांची घाई हीसुद्धा तिच्या वतीने केलेली निवडच असते.

ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी मात्र सुख आणि रुबाब ही वेगळी खाती नाहीत. सारखा कुडता मागून खाली ओढणारी बाई अवघडलेली दिसते, कारण ती अवघडलेली असते. कुडता गुडघ्याखाली जाणारा असावा, बाजूचा कट कमरेपासून न सुरू होता मांडीच्या मध्यावर सुरू व्हावा, आणि कापड खादी किंवा हातमागाचं, स्वतःचा आकार धरणारं असावं. कोरड्या हिवाळ्यात जॉर्जेट लेगिंगला चिकटतं आणि चालताना वर चढतं. रंगाच्या बाबतीत दुकानं मोठी चूक करतात. वय झालं म्हणून फिक्या बदामी किंवा पांढऱ्या लेगिंग पुढे करतात, आणि त्यांतूनच शिवण, अंतर्वस्त्र, त्वचा सगळं दिसतं. गडद रंग अधिक सभ्यही दिसतात आणि अधिक सुंदरही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेचा मान आपल्याकडे सर्व वयांना आहे. उत्तरायणाला पहाटेपासून गच्चीवर बसणाऱ्या आजीने काळी जाड लेगिंग, वर तिळगुळी रंगाचा लांब कुडता आणि शाल घेतली, तर शिडी चढताना पाय मोकळा राहील आणि मांज्याच्या गुंत्यात निऱ्या अडकणार नाहीत.

अडचण खरेदीची उरते. मंगळ बाजारात गर्दी फार, घालून पाहायला जागा नाही, आणि मॉलमधल्या दुकानांत पुतळे विशीतल्या मुलींचे. पोट सुटलेल्या, मांड्या बारीक झालेल्या, उंची दोन इंच कमी झालेल्या बाईचं माप कुठल्याच फळीवर नसतं. कमरेला बसते ती घोट्यावर गोळा होते. म्हणून बहुतेक आज्यांची लेगिंग मुलगी किंवा सून अंदाजाने आणते, आणि अंदाज चुकला की ‘मला नाही शोभत’ हा निकाल कायमचा लागतो. तो निकाल बाईवर लागतो, मापावर लागत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा विभाग आहे, शिकणाऱ्या मुली आहेत, आणि मोजमाप द्यायला तयार अशा आज्या मांजलपूरच्या प्रत्येक बागेत सकाळी फिरताना सापडतील. कंबर रुंद, मियानी मोठी, घोटा सैल, एक खिसा, आणि वेगवेगळ्या उंचीची मापं. एवढं कोणी शिवून दाखवलं तर घेणाऱ्या बायका मी घरोघरी हिंडून आणून देईन.