चाळीस मुलांची अट

लोंढ्याहून गोव्याकडे जाणारी आगगाडी घाट उतरू लागण्यापूर्वी कॅसलरॉकच्या स्थानकावर थांबते. १९६१ पर्यंत हे हद्दीचे स्थानक होते. घाटाखाली पोर्तुगीजांचा अंमल. त्यामुळे येथे उतारूंच्या पेट्या उघडल्या जात, गाठोडी सोडली जात आणि जकात भरल्यावाचून माल पुढे सरकत नसे. आता ती हद्द उरलेली नाही. परंतु हद्द पुसली गेली म्हणजे सगळ्या जकाती उठल्या असे होत नाही. काही जकाती कोणत्याच नकाशावर दिसत नाहीत आणि त्या भरणाऱ्यांचे वय कधी कधी अवघे चार वर्षांचे असते.

हा विचार आमच्या मनात आला तो जोयडा तालुक्यातील एका वाडीवर. जमिनीच्या कागदपत्रांच्या कामासाठी कॅसलरॉकला उतरून आम्ही रानवाटेने तेथवर गेलो होतो. घरे नऊ, सहा वर्षांखालची मुले सात. कागद पाहून झाल्यावर ओटीवर बसलो असता समोरच्या अंगणात एक चार वर्षांची मुलगी चिंचोके मांडीत असलेली दिसली. मोठे एका ओळीत, लहान दुसऱ्या ओळीत. एखादा मधल्याच आकाराचा निघाला की ती थांबे, त्याला दोन्ही ओळींशी ताडून पाही आणि मग त्याची तिसरी ओळ सुरू करी. तिला हे कोणी शिकविले नव्हते. तिच्या आजीला आम्ही विचारले, ही अंगणवाडीत जाते काय? म्हातारी म्हणाली, "अंगणवाडी नाल्याच्या पल्याड, वकीलसाहेब. पावसात नाला भरला की तिकडं जाणं नाही. उन्हाळ्यात आम्ही सगळी कामावर. पोचवायचं कुणी, आणायचं कुणी?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ऋतुमान सांगावे तसे तिने ते सांगितले.

आम्हांला मात्र आमच्या कन्येची आठवण झाली. तिला आम्ही शहरातील एका माँटेसरी शाळेत घातले होते. तेथे तो प्रसिद्ध गुलाबी मनोरा होता. दहा ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. आमच्या कन्येने त्या ठोकळ्यांनी जे साधले तेच ही मुलगी चिंचोक्यांनी साधीत होती. फरक इतकाच की आमच्या कन्येकडे पाहणारे, तिच्या एकाग्रतेचा मान राखणारे, उद्या तिच्यापुढे काय ठेवावे हे जाणणारे एक माणूस तेथे होते. त्या माणसाचे मोल आम्ही फीच्या रूपाने भरले. वाडीवरच्या मुलीकडे पाहण्यास कोणी नव्हते.

आज 'माँटेसरी' हा शब्द सुखवस्तू घरांचे भूषण होऊन बसला आहे. या नावावर कोणाची मालकीही नाही. हा शब्द सर्वसामान्य वर्णनपर आहे असा निर्णय अमेरिकेतील व्यापारचिन्हांच्या न्यायमंडळाने १९६७ साली दिला. तेव्हा कोणीही पाटी लावावी आणि वाटेल ती फी घ्यावी! परंतु या पद्धतीचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींचे पहिले बालगृह उघडले, ते मजुरांच्या चाळीत. आईबाप कामावर गेले की मुले जिने आणि भिंती खराब करीत, आणि चाळीच्या चालकांना ती नासधूस थांबवावयाची होती. इतका साधा, किंबहुना स्वार्थी, असा तो आरंभ. पण त्यात एक गोष्ट मोलाची होती. मुलांना शाळेपर्यंत जावे लागत नव्हते. शाळा त्यांच्या घराच्या इमारतीतच होती, आणि तेथील बाईंनी त्याच इमारतीत राहावे अशी योजना होती.

आमच्याकडे या गोष्टीचे मर्म ज्यांनी ओळखले त्यांत ताराबाई मोडकांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरास त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली त्या मुंबईसारखे शहर सोडून बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात गेले. मुले बालवाडीत येत ना. कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे, कोणाला गुरे राखावयाची. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा. साहित्य म्हणजे शंखशिंपले, बिया, खडे, पाने. परदेशी ठोकळे नसले तरी अडत नाही, पण मुलाकडे पाहणारी दृष्टी नसली तर सर्व काही अडते, हे त्यांनी करून दाखविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर पसरला. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांनी पोषणाचे व लसीकरणाचे जे काम केले आहे त्याला कोणी कमी लेखू नये. तथापि शब्दातले अंगण मात्र वाटेत कोठेतरी हरवले. अंगणवाडी ही मुलाच्या अंगणात जावयाची होती; आता मूल अंगणवाडीपर्यंत जाते, आणि वाटेत नाला असेल तर जात नाही.

येथे आमच्या व्यवसायाचा विषय येतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेच्या कलम २१अ ने २००२ च्या घटनादुरुस्तीद्वारे दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी त्याच दुरुस्तीने कलम ४५ मध्ये राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम ११ पाहिले तर तेथेही शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' असे आहे. 'करील' असे नाही. वकिलाला या दोन क्रियापदांतील अंतर ठाऊक असते. ते अंतर वाडी आणि नाला यांमधील अंतराहून मोठे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने ते कमी करण्याचा मोठा प्रयत्न केला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत तेथे अंगणवाडी दिली पाहिजे असे न्यायालयाने सांगितले. देशातील असंख्य वस्त्यांना या आदेशाने बोलण्याचे बळ दिले. पण आमच्या वाडीवर मुले सात आहेत. काळी नदीच्या खोऱ्यात, रानात विखुरलेल्या नऊ-दहा घरांच्या वस्तीवर चाळीस मुले कोठून आणावीत?

यावर एक उत्तर तयार असते: सातांसाठी एक शिक्षिका नेमणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय, शासनाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. हे उत्तर मूर्खपणाचे नाही. रेघ ओढावी लागते हे आम्हांलाही मान्य आहे. प्रश्न असा की ती रेघ सोयीची आहे की हक्काची? न्यायालयात एकट्या वादीचा दावा, त्याच्यासोबत आणखी एकोणचाळीस वादी नाहीत म्हणून कोणी फेटाळीत नाही. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज येथे एका मतदारासाठी निवडणूक आयोगाने मतदान केंद्र उभारले. अधिकारी यंत्र घेऊन रानात गेले. त्या एकाच्या मताचे मोल लाखांच्या मताइतकेच आहे असे आपले राज्य मानते, आणि ते योग्यच आहे. मग सात मुलांसाठी तेच पाय का जड व्हावेत? त्यांना मत नाही म्हणून? चाळिसांचा आकडा मागणीचे दार उघडण्यासाठी लिहिला गेला होता. तोच आकडा दाराची कडी होऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सद्भावनेच्या लोकांकडून येतो. चिंचोके आणि शिंपले हीच गरिबांची माँटेसरी असे म्हणू लागलो तर उद्या गरिबांना कायमचे दुय्यम प्रतीचे शिक्षण देण्यास ती सबब होईल. ही भीती खरी आहे. स्वस्त ते गरिबांसाठी पुरेसे, असे म्हणणारी माणसे आपण रोज पाहतो. आमचे म्हणणे इतकेच की काटकसर कोठे करावी याचा विवेक हवा. साहित्यात काटकसर चालेल, कारण मुलाच्या हाताला लाकूड आणि बी यांचे वावडे नसते. शिक्षिकेच्या प्रशिक्षणात, तिच्या मानधनात आणि मुलाच्या घरच्या भाषेत काटकसर चालणार नाही. जी मुलगी घरी कोंकणी किंवा मराठी बोलते तिने पहिल्याच दिवशी परक्या भाषेत मुके बसावे, यात कन्नड भाषेचाही मान राहत नाही. घरच्या भाषेत मोकळे झालेले मूल राज्याची भाषाही आनंदाने शिकते.

मग करावे काय? शासनाकडे मागणी तर केलीच पाहिजे, लेखी केली पाहिजे आणि नाकारली गेल्यास पुन्हा केली पाहिजे. हे आमच्यासारख्या कायदा शिकलेल्यांचे काम. परंतु 'करू शकेल' चे 'करील' होईपर्यंत ती मुलगी सहा वर्षांची होऊन जाईल. बालपणाला तहकुबी नसते. म्हणून वाडीतील किंवा शेजारच्या वाडीतील एखादी सून, चार-आठ इयत्ता शिकलेली, तिला नीट प्रशिक्षण द्यावे, तिला योग्य मानधन मिळावे आणि तिने रोज सकाळी दोन तास त्याच अंगणात सात मुलांसह बसावे. तिचा खर्च आपल्या शहरांतील शाळांनी, पालकांनी, मंडळांनी उचलण्यास काय हरकत आहे? आमच्या कन्येच्या फीचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. त्यातील मोठा भाग इमारतीचा आणि प्रतिष्ठेचा होता. तेवढीच रक्कम आम्ही यंदापासून बाजूस काढू लागलो आहोत. हे औदार्य नव्हे. ज्या पद्धतीचा लाभ आम्ही विकत घेतला ती मुळात अशाच मुलांची होती. तेव्हा याला कर्जफेड म्हणणेच रास्त.

परतताना आम्ही पुन्हा अंगणातून आलो. मुलगी अजून तेथेच होती. चिंचोक्यांच्या ओळी आता पाच झाल्या होत्या. आमची सावली तिच्या मांडणीवर पडली तेव्हा तिने वर न पाहता हाताने खूण केली, बाजूला व्हा. आम्ही बाजूला झालो.