खुर्चीतल्या माणसाचा वेळ

मेहकरला काय किंवा आमच्या भागातल्या कुठल्याही गावात काय, कॅरम खेळताना एखादा स्ट्रायकर उगाच डावी-उजवीकडे सरकवत बसला, पुन्हा पावडर मारून पुन्हा डोळा बारीक करून कोन बघू लागला, की बोर्डाभोवती उभ्या असलेल्यांतला कोणीतरी ओरडतोच : "काय पाहू रायला बे, मार ना!" ओरडणारा ना खेळाडू असतो ना पंच. त्याचा डावही नसतो. तरी त्याचं ऐकलं जातं. कॅरमच्या अधिकृत नियमांत फटक्याला सेकंदांची मर्यादा आहे, पण ती ठाऊक नसली तरी तिथे काही अडत नाही.

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे खेळ मात्र जिथे असं ओरडता येत नाही अशाच खोल्यांत वाढले. स्नूकर तर आपल्याच मुलखाच्या शेजारी, १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या हातून जन्माला आला. मेसचे आणि क्लबचे रिवाज खेळाला जन्मापासूनच चिकटले. एकाने टेबलाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने क्यू, म्हणजे खेळायची काठी, मांडीशी धरून खुर्चीत बसायचं. त्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही, समोरच्याच्या नजरेच्या रेषेत हलायचं नाही. घाई कर म्हणणं म्हणजे तर असभ्यपणाच. सभ्य माणूस दुसऱ्याचा वेळ खाणार नाही, असं त्यात गृहीत होतं. संथ खेळाची सगळी गोष्ट म्हणजे हे गृहीतक कसं हळूहळू ढासळलं, याची गोष्ट आहे.

आधी खुर्चीकडे नीट बघायला हवं, कारण तिथेच या खेळांचं वेगळेपण आहे. बुद्धिबळात प्रतिस्पर्धी विचार करत असतो तेव्हा तुम्हीही विचार करता. त्याचा वेळ काही अंशी तुमच्याही उपयोगी पडतो. कबड्डीत चढाई करणारा अंगावर येतो तेव्हा तुम्ही सगळ्यात सावध असता. पूलमध्ये खुर्चीतल्या माणसाला करण्यासारखं काहीच नसतं. पुढच्या फटक्याने टेबलावरची मांडणीच बदलणार, तेव्हा आखणी करण्यात अर्थ नाही. मघाशी लागलेला हात थंड होत जातो, पाणी पिऊन होतं, टॉवेलने क्यू पुसून होतो. समोरचा चौथ्यांदा टेबलाला फेरी मारून, खाली वाकून पुन्हा उभा राहतो. या बसण्यात माणूस खचतो, आणि मुरलेल्या खेळाडूंना ते चांगलं ठाऊक असतं.

पहिला बोभाटा मात्र संथपणाचा झालाच नाही. १९०७ साली टॉम रीस या इंग्लिश खेळाडूने बिलियर्ड्समध्ये कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल असे अडकवून ठेवले, की आपल्या बॉलने त्यांना पुन्हा पुन्हा हलकं टेकवत गुण घेत राहायचे. महिनाभराहून अधिक काळ हा डाव चालला आणि ४,९९,१३५ गुणांवर न संपताच थांबला. प्रेक्षक आणि पत्रकार सतत हजर नव्हते म्हणून विक्रमाला मान्यता मिळाली नाही, आणि त्या फटक्यावरही बंदी आली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने १९३२ मध्ये लंडनला जो डेव्हिससमोर ४,१३७ चा ब्रेक (एकाच खेपेत सलग घेतलेले गुण) केला, तोही अवघ्या दोन तास पंचावन्न मिनिटांत. याला संथ कोण म्हणेल? हात यंत्रासारखा चालत होता. पण डेव्हिससारखा खेळाडू तेवढा वेळ खुर्चीत होता, आणि बघणाऱ्यांना एकाच जागी घुटमळणारे तीन बॉल दिसत होते. नियम करणाऱ्यांनी तेव्हा घड्याळ आणलं नाही. त्यांनी रेषेचा आधार घेतला : ठराविक गुण झाले की बॉल टेबलाच्या खालच्या बाजूची आडवी रेषा ओलांडून गेलाच पाहिजे. एका कोपऱ्यात संसार मांडायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक केला. हौशी खेळाडूंमध्ये हजाराचा टप्पा अधिकृतपणे ओलांडणारे ते पहिलेच. आपण हा आकडा अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी समोर खुर्चीत कोण बसलं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

बुद्धिबळवाल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवायला घेतला होता. १८५१ च्या लंडनच्या स्पर्धेत घड्याळ नव्हतं, आणि एलायजा विल्यम्सच्या चालींना लागणाऱ्या वेळाने हॉवर्ड स्टाँटन इतका वैतागला की त्याची तक्रार आजही बुद्धिबळाच्या इतिहासात वाचायला मिळते. दहा वर्षांनी वाळूची घड्याळं आली आणि १८८३ मध्ये लंडनलाच एकाला एक जोडलेली दोन घड्याळं. त्यातून एक नवा विचार रुजला : वेळ ही खेळाडूची स्वतःची शिदोरी आहे. दोघांना सारखी द्या, कुठे किती खर्च करायची ते ज्याचं त्याने ठरवावं. सोप्या चालीवर वाचवलेली मिनिटं अवघड चालीवर खुशाल उधळा, संपली की मात्र हरलात.

पूलमध्ये घड्याळ आलं ते या विचाराने नाही. ते आलं टीव्हीमुळे. एकेकाळी अमेरिकेत पूलचा थोरला खेळ म्हणजे 'स्ट्रेट पूल'. १९५४ मध्ये विली मॉस्कोनीने त्यात सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले, ते साधारण दोन तास दहा मिनिटांत. असा खेळ पडद्यावर कसा दाखवायचा? म्हणून नऊ बॉलचा आटोपशीर प्रकार पुढे आला आणि १९९४ पासून त्याच मॉस्कोनीच्या नावाने युरोप-अमेरिका सामने सुरू झाले. तिथे फटक्याला तीस सेकंद मिळतात आणि एका रॅकमध्ये, म्हणजे एका डावात, एकदा जादा वेळ मागता येतो. बॉल थांबले की मोजणी सुरू. खुर्चीतल्या माणसाला दिलासा मिळाला खरा, पण तो ओघाओघाने. घड्याळ लावलं होतं ते घरी सोफ्यावर बसलेल्याच्या सोयीसाठी.

स्नूकरने मुख्य स्पर्धांत असं घड्याळ नेहमीच टाळलं, आणि त्याचा शेवट कुठे होतो ते २००५ च्या जागतिक स्पर्धेत शेफिल्डला दिसलं. उपांत्यपूर्व सामन्यात रॉनी ओ'सलिव्हन पीटर एब्डनविरुद्ध ८-२ असा पुढे होता. एब्डन संथ झाला, मग अतिसंथ. एकदा तर बारा गुणांच्या ब्रेकला त्याने पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला. याच ओ'सलिव्हनने आठ वर्षांपूर्वी साधारण तेवढ्याच वेळात पूर्ण १४७ गुण केले होते. त्या दिवशी तो खुर्चीत चुळबुळत होता, प्रेक्षकांतल्या एकाला किती वाजले ते विचारत होता. एब्डन १३-११ ने जिंकला. टीका भरपूर झाली, पण निकाल बदलला नाही, आणि बदलायचं काही कारणही नव्हतं. फार वेळ घेतला तर ताकीद द्यायचा अधिकार पंचाला असतो, पण 'फार' म्हणजे किती हे ठरवणं त्याच्याकडेच सोडलेलं. सगळं सभागृह गप्प बसलेलं असताना एकट्या पंचाने "मार ना" कसं म्हणावं?

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा कबड्डीची युक्ती जास्त पटते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ दाखवला, तेव्हाही त्यात एक घड्याळ होतंच : चढाई करणाऱ्याचा दम. 'कबड्डी-कबड्डी' म्हणत श्वास पुरेल तितकाच वेळ तुमचा. तो बाहेरच्या कोणाला मोजावा लागत नाही. 'निदान रेषा' ओलांडल्याशिवाय परतलात तर बाद, म्हणजे इथेही बिलियर्ड्सप्रमाणे आधी रेषाच कामाला आली. पुढे तीस सेकंदांची मर्यादा आली. तरीही आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढायचाच. गावच्या मैदानावर शेवटच्या पाच मिनिटांतला तो कंटाळा आणि कडेची हुर्यो ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. त्यावरचा उपाय २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे घरोघरी पोचला : दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. इथे कोणाला घाई करायला लावलेली नाही. रेंगाळण्याचीच किंमत वाढवली आहे. नऊ बॉलमध्येही सलग तीन फाउल केले की रॅक जातो, म्हणजे या जातीचा विचार त्या खेळाला अगदीच परका नाही.

पूलसाठी मला तीस सेकंदांचं सरसकट माप अन्यायाचंच वाटतं. ब्रेकनंतर, म्हणजे इथे रॅक फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, टेबल वाचायला मिनिटभर लागणं रास्त आहे. कुठला बॉल अडथळा करतोय, कुठल्या बाजूने वाट काढायची, शेवटच्या दोन बॉलसाठी पांढरा बॉल कुठे हवा, हे सगळं तेव्हाच ठरतं. नंतरचे चार फटके प्रत्येकी दहा सेकंदांत होतात. म्हणजे पहिल्याला अपुरा आणि पुढच्यांना फुकटचा वेळ. त्याऐवजी बुद्धिबळासारखी शिदोरी द्यावी, अख्ख्या सामन्याची मिळून, आणि ब्रेक आळीपाळीने ठेवावा, म्हणजे झपाझप खेळणारा लिंड्रम भेटला तरी खुर्चीतल्याला उठायची संधी मिळेल. बिलियर्ड्सने गुणांचे आणि वेळेचे असे दोन्ही प्रकारचे सामने शेजारी-शेजारी ठेवलेच आहेत. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००५ मध्ये माल्टाला एकाच वर्षी दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकली आणि पुढेही ती किमया पुन्हा केली. कसलेला खेळाडू घड्याळाने बिथरत नाही, हे मानायला तेवढं पुरे.

यातली अडचण मला दिसते. दोघेही बचावात्मक फटके मारत बसले, सामना ८-८ वर आला आणि एकाकडे वीसच सेकंद उरले, तर शेवटच्या रॅकमध्ये तो टेबलाभोवती धावत सुटेल आणि साधा बॉलही चुकवेल. टीव्हीवर ते वाईट दिसेल. दिसू दे. कमी पडलेला वेळ त्यानेच आधीच्या सोळा रॅकमध्ये कुठेतरी खर्च केलेला असेल. शेफिल्डला ज्याचा वेळ गेला तो खुर्चीत बसलेला होता.