कपाळ आणि गाल

आमचे केम कुंकवाचे गाव. कपाळावर लाल ठिपका शोभतो. गालावर मुरुमाचा ठिपका आला, की तेच माणूस आरशापुढे खट्टू होते. अशा मुरुमांवर डॉक्टर कधी कधी मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘नटण्यामुरडण्यासाठी कसले औषध?’

परंतु संशोधकांना आढळले, की हेच औषध कुष्ठजंतूंनाही मारते. एकच चट्टा असलेल्या रुग्णाला रिफाम्पिसिन, ऑफ्लॉक्सासिन व मिनोसायक्लिन यांची मिळून एकच मात्रा द्यावी, असे १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले होते. पुढे त्या मात्रेची जागा काही महिन्यांच्या उपचाराने घेतली. पक्षाघातावरही या औषधाचे प्रयोग झाले.

गोळीला तरुणीचा गाल आणि कुष्ठरोग्याची पाठ सारखीच. कोणते दुःख क्षुद्र आणि कोणते थोर, हे आपण ठरवतो. मला वाटते, या दोन्ही दुखण्यांत लोकांची नजरच अधिक बोचते, आणि तिच्यावर गोळी नाही. ती ज्याची त्यानेच धुवायची. यंदाच्या अभ्यंगस्नानात तेवढे साधले, तर कुंकू लावताना कोणाच्याही कपाळाशी आपले बोट अडखळणार नाही.