गोळी घेणारा उपासक



मागे एका रविवारी वंदना झाल्यावर चहा घेताना एका तरुण धम्मबंधूने मला बाजूला नेले आणि हळूच विचारले, "भाऊ, झोप लागत नाही. आनापान किती वेळ करू?" मी विचारले, किती दिवसांपासून? तो म्हणाला, "चार महिने झाले." हा लेख त्याच्या प्रश्नासाठी आहे. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो आणि चुकीचे उत्तर देत होतो.

माझे असे झाले. जॉर्जिया ४०० वरून ऑफिसला जाताना विंडवर्ड पार्कवेच्या पुढे एकाएकी छाती आवळली, हात बधिर झाले. गाडी कडेला घेतली आणि ९११ ला फोन केला. इमर्जन्सीत ईसीजी आणि रक्त तपासले, हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाल्या, हा पॅनिक अटॅक आहे, मानसोपचार घ्या. मी मान डोलावली आणि सहा महिने कुणाकडेही गेलो नाही. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमात टाळ्या वाजवायचो, पण आत काही हलायचे नाही. जयंतीच्या कार्यक्रमात मात्र सूत्रसंचालन करत होतो.

डॉक्टरकडे का गेलो नाही? कारण माझ्याकडे एक सुबक कारणमीमांसा होती. दुःखाचे मूळ तृष्णा. मी ग्रीन कार्डाच्या न हलणाऱ्या रांगेत उभा, मला बढतीची तृष्णा, मुलाच्या भवितव्याची तृष्णा. म्हणजे दोष माझा, उपाय ध्यान. ध्यानाला बसलो की छातीतली धडधड आणखी मोठी ऐकू यायची. मग वाटायचे, आपल्याला धम्मच कळला नाही. आजार एक होता, मी त्याला अपराधाची जोड दिली.

आपल्यापैकी अनेकांची गल्लत इथेच होते असे मला वाटते. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. तो भगवंतांना विचारतो, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच असते असे काही लोक म्हणतात, ते खरे का? भगवंत नाही म्हणतात. काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू बदलल्याने, काही इजेमुळे होतात, हे माणूस स्वतः जाणू शकतो आणि जगही मानते. सगळे कर्मावर ढकलणारे लोक मर्यादा ओलांडतात. पित्त-कफाची भाषा त्या काळाची, मुद्दा आजचा आहे. शरीराची कारणे शरीराच्या जागी शोधायची. भिक्खूच्या चार गरजांत चीवर, अन्न आणि निवाऱ्याबरोबर औषधही आहे. विनयात गग्ग नावाच्या, मनाचा तोल गेलेल्या भिक्खूचीही नोंद आहे. त्याला कधी उपोसथ आठवायचा, कधी नाही. संघाने त्याला हाकलले नाही. तो आला काय, न आला काय, संघाचा उपोसथ वैध धरावा असा रीतसर ठराव केला. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रजेची तरतूद वाचून मला हसू आले आणि थोडे रडूही.

बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख समजावण्याची पद्धतच नाकारली. मधुमेहासाठी ते इन्सुलिन घेत, आणि १९४८ साली माईसाहेबांशी विवाह झाला त्यामागे प्रकृतीची काळजी हेही कारण होते. इन्सुलिनमुळे त्यांची प्रज्ञा कमी झाली असे आपण म्हणत नाही. मग सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीने माझे शील कसे कमी होते?

याहून अवघड आक्षेप मला एका जुन्या मित्राने घेतला. तो म्हणाला, "आपले दुःख जातीने दिलेले. ते खरे आहे, त्याचा राग यायलाच हवा. अमेरिकन गोळी घेऊन तू तो राग झोपवतोस." या प्रश्नापुढे मी बरेच दिवस निरुत्तर होतो. आपल्या पिढीवर एक ओझेही आहे: घरातला पहिला इंजिनिअर, पहिला परदेशी. आपण पडलो तर समाज पडला, म्हणून पडायचेच नाही. या ओझ्याचे कारण सामाजिक आहे आणि ते कुठलीही गोळी काढणार नाही, हे मित्राचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या सहा महिन्यांत मला राग येतच नव्हता. बातमी वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो. राग यायलाही अंगात जीव लागतो. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ऑफिसमध्ये एका भारतीय सहकाऱ्याने 'कोट्यातून आलेले' असा विनोद केला, आणि मी जागच्या जागी त्याला उत्तर दिले. संध्याकाळी बायको म्हणाली, "तुम्ही परत आलात."

आता उपचाराविषयी थोडे सांगतो. मी डॉक्टर नाही, अनुभव सांगतोय. आधी साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. सत्तावीसपैकी माझे अठरा आले. दहा किंवा त्याहून जास्त आले की दखल घ्यायची असते. थायरॉइड आणि बी-१२ तपासले, कारण त्यांची गडबडही अशीच दिसते. पहिली गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे अस्वस्थता उलट वाढली, ती वाढू शकते हे मी नीट ऐकले नव्हते, म्हणून मनानेच बंद केली. ती माझी चूक. या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बंद करायच्या त्या हळूहळू, डॉक्टरला विचारून. पुन्हा सुरू केली तरी मला फारसा गुण आला नाही. दुसरी लागू पडली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्टार-डी या मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण आराम पडलेले साधारण एक तृतीयांश होते. म्हणजे पहिला प्रयत्न फसणे हे नशीब नव्हे आणि उपचार खोटे असल्याचा पुरावाही नव्हे. आपण सॉफ्टवेअरवाले हे जाणतो: एका वेळी एकच बदल करायचा, नोंद ठेवायची, मग पुढचा. (नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून झोपेची म्हणून अल्प्राझोलाम मागवू नका. तिची सवय लागते.)

समुपदेशक शोधणे अधिक कठीण गेले. भाषा कळेल म्हणून मी पहिल्यांदा भारतीय समुपदेशक निवडले. पहिल्याच भेटीत, "हे आडनाव कुठले?" तो प्रश्न कदाचित निर्हेतुक असेल, पण पुढची चाळीस मिनिटे मी बॉसविषयी बोलत राहिलो, शाळेत वेगळ्या बसवलेल्या बाबांविषयी नाही. पुन्हा गेलो नाही. नंतरच्या बाई अटलांटाच्या, कृष्णवर्णीय. त्यांना जात ठाऊक नव्हती. मी सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. मला बाकी काही समजावून सांगावे लागले नाही.

त्यांनी मला जिने चढायला लावले. धडधड वाढू द्यायची आणि पाहायचे, मरण येत नाही. मग ४०० वर एकेक एक्झिट: विंडवर्ड ते ओल्ड मिल्टन, पुढच्या आठवड्यात हेन्स ब्रिज, मग मॅन्सेल. वेदना उठते, टिकते, जाते. हे मी प्रवचनात शंभरदा ऐकले होते, पण कळले ते गाडीत. म्हणून ध्यान निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून आठ आठवड्यांचा सजगतेवर आधारलेला उपचारक्रम आज मानसोपचारातही वापरतात. पण गोएंका गुरुजी स्वतः सांगत की अर्धशिशीसाठी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ रोग घालवायला येत असाल तर येऊ नका असे उत्तर मिळाले. जेसपच्या विपश्यना केंद्राच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधांविषयी स्पष्ट प्रश्न असतात. मी तो अर्ज अर्धवट सोडला होता, कारण खरे लिहायचे नव्हते.

एक भीती अनेकांच्या मनात असते: निदान झाले तर ग्रीन कार्ड जाईल. नुसत्या नैराश्याच्या निदानाने ते नाकारत नाहीत. आजाराशी जोडलेले, स्वतःला वा दुसऱ्याला धोका होईल असे वर्तन आहे का, ते पाहतात. शंका असेल तर वकिलाला विचारा, पण डॉक्टरकडे जाणे त्यासाठी थांबवू नका. आणि जीव द्यावासा वाटला तर ९८८, दिवसा-रात्री, फोन किंवा मेसेज.

त्या धम्मबंधूने हे लिहायला परवानगी दिली आहे, नाव न घालण्याच्या अटीवर. मंगळवारी सकाळी त्याची पहिली भेट आहे. सध्या त्याला ४०० वर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून मी सोबत जाणार आहे. त्याने अजून आईला सांगितलेले नाही. मीही माझ्या आईला दोन वर्षांनी सांगितले होते. ती फोनवर थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुझ्या मामालाही असंच व्हायचं रे. आम्ही त्याला आळशी म्हणायचो."