शेजारची खोली

मराठीतला छापील नवा करार ज्या घरात प्रथम सिद्ध झाला, त्या घरातील एका खोलीत एक स्त्री कोंडलेली असे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने 1805 साली मराठीचे व्याकरण, 1810 साली मोडी लिपीतील कोश आणि 1811 साली नवा करार छापून काढला. या कामाच्या पहिल्या वर्षांत त्यांची पत्नी डोरोथी, जिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर 1794 मध्ये मदनाबाटी येथे दगावला आणि त्या आघातातून जिचे मन पुन्हा सावरलेच नाही, ती शेजारच्या खोलीत आक्रोश करीत असे. तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडावे हा सल्ला कॅरींनी मानला नाही, हे त्यांच्याविषयी कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. 8 डिसेंबर 1807 रोजी ती वारली. कॅरींच्या व्यासंगाची थोरवी मी मान्य करतो. परंतु तो नवा करार ज्यांच्यासाठी होता त्यांत भिंतीपलीकडची ती बाई होती की नव्हती, हा प्रश्न माझ्या मनातून हटत नाही, कारण आयुष्यातील काही काळ मीही अशाच एका खोलीत काढला आहे.

सेनगाव तालुक्यातील साखरा हे माझे गाव. सोळा वर्षांपूर्वी, फाल्गुनात, शिवारात हळदीच्या काहिली चढलेल्या होत्या, शिजत्या हळदीचा उग्र वास थेट घरात येत होता, आणि मी मात्र भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून होतो. अंगावरची गोधडी बाजूला सारण्याइतकेही बळ उरले नव्हते आणि जगण्याचे प्रयोजनही दिसत नव्हते. शेजाऱ्यांनी ‘बाहेरचं आहे, उतारा करा’ असे सुचविले. प्रार्थनेस येणाऱ्या आमच्याच ख्रिस्ती बांधवांपैकी एकाने, पूर्ण सद्भावनेने, ‘विश्वास कमी पडतोय’ असा निर्वाळा दिला. पहिल्या मताने मला झपाटलेला ठरविले, दुसऱ्याने अपराधी ठरविले, आणि दोहोंपैकी दुसऱ्याने मला अधिक खोल जखम केली, कारण ज्या दारी मी आसरा शोधीत होतो त्याच दारी माझ्यावर गुन्हा रुजू झाला होता. आईने निदान केले नाही. ती ताटलीत भाकरी आणि तांब्याभर पाणी घेऊन उशाशी बसे आणि म्हणे, ‘ऊठ रं बाबा, दोन घास खाऊन घे.’ मी घास घेई आणि पुन्हा निजे.

पुढे इलाज सुरू झाला. डॉक्टरांनी नैराश्य असे नाव सांगितले, गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर धीर धरा, असे बजावले, आणि तसेच घडले. त्या गोळ्यांची पट्टी मी पवित्र शास्त्राच्या पानांत खूण म्हणून ठेवू लागलो. प्रारंभी ती कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून, आणि मग तिची जागाच ती आहे असे वाटू लागले म्हणून. एका रात्री ती ज्या पानांत होती तिथे राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय होता.

ती कथा मी बालपणापासून ऐकली होती, पण त्या रात्री प्रथमच वाचली. कर्मेल पर्वतावर विजय मिळविणारा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. तो स्पर्श करतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, उठून खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा निजतो, तरी दूत रागावत नाही, दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब गाठल्यावर येतो. आधी निद्रा, मग अन्न, मग प्रवास आणि शेवटी प्रश्न, असा हा क्रम आहे. आणि माझ्या आईने, शास्त्राचे एक अक्षरही न वाचता, तो अचूक पाळला होता. औषध घेणे हा श्रद्धेचा पराभव आहे असे जो म्हणतो त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राने मला आणखी एक मोकळीक दिली. बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस आशेकडे वळतात. हेमान एज्राहीच्या नावावर असलेले हे मात्र अंधारातच संपते. ती एक कैफियत आहे; तिच्यावर हुकूम लिहिलेला नाही, तरी संकलकांनी ती दफ्तरातून काढून टाकली नाही. उपासनेत प्रत्येकाने आनंदाचीच साक्ष द्यावी असा जो अलिखित दंडक आपल्या मंडळ्यांत पडला आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही. प्रत्यक्ष येशूने गेथशेमाने बागेत, जिवावर आलेल्या खिन्नतेच्या घटकेला, तीन मित्रांकडे सल्ला मागितला नाही. आपल्याबरोबर जागे राहा एवढेच मागितले, आणि ते निजले. मला जे प्रोत्साहन मिळाले ते हेच, की माझ्या खोलीत येशू माझ्या आधी येऊन गेला आहे. या दिलाशाने आजार गेला नाही. दोनदा उलटलाही. पण त्या दोन्ही वेळी मी देवाला तोंड चुकविले नाही.

भिंतीपलीकडच्या बाईचा माझा प्रश्न पुढे एका मराठी बाईच्या कामापाशी येऊन थांबला. पंडिता रमाबाईंनी, दुष्काळात आईबाप, 1882 मध्ये पती आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावूनही, हिब्रू व ग्रीक शिकून समग्र पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले, ते केडगावच्या मुक्तिसदनातील बेताचे शिकलेल्या स्त्रियांना वाचता यावे म्हणून. 1922 च्या एप्रिलात, काम हातावेगळे करून, त्या गेल्या. डोरोथी कॅरीने 1781 मध्ये विवाहाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली केली होती. अशा बाईसाठी शास्त्र सोपे करावे हे कोणाला तरी शेवटी सुचले, आणि ते मराठीत सुचले, याचा मला अभिमान वाटतो.

आज कायदाही अशा खोलीतल्या माणसाच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून, त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. आणि ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रार्थनास्थळाच्या दारावर लावावा, अशी पाळकांना माझी विनंती आहे. आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, आपल्यात जे घर काही आठवड्यांपासून उपासनेला आलेले नाही, तिथे आज जा. निदान करू नका, उपदेश करू नका, काही खायला न्या, आणि दवाखान्याच्या दिवशी एस.टी.त त्या माणसाच्या शेजारी बसा.