नव्या घराचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद 22:8, मत्तय 4:5-7



मोशेच्या द्वारें देवानें इस्राएल लोकांस जे नियम लावून दिले त्यांत एक लहानसा नियम आहे, आणि तो वाचतांना आपण बहुधा न थांबतां पुढें जातों. कोणी नवें घर बांधलें तर त्यानें धाब्याला सभोंवार कठडा करावा. नाहीं तर वरून कोणी पडून मेला असतां त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्या नियमाचा आशय आहे. नगर, बीड, सोलापूर या भागांतील वाचकांस हा नियम समजावून सांगावयास नको. माळवदावर धान्य वाळत घालणें, उन्हाळ्यांत रात्रीं तेथेंच अंथरूण पसरणें, हें आपल्या नित्याच्या परिचयाचें आहे. आणि झोपेंत एखादें लेकरूं कडेकडे लोळत गेलें म्हणजे आईच्या काळजाचें काय होतें हेंही आपण जाणतों.

या नियमांत लक्षांत घेण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, घर बांधूंच नका असें देव म्हणत नाहीं. दुसरी, कठडा बांधावयाचा तो कोणी पडल्यानंतर नव्हे, तर घर नवें असतांनाच. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे : पडणाऱ्यानें सांभाळून चालावयास हवें होतें, असें म्हणून बांधणाऱ्याची सुटका होत नाहीं. दोष घरावर येतो.

आज जगांत नवीं औषधें, नवीं बियाणें, नवीं विषें आणि माणसासारखें बोलणारीं यंत्रें निघत आहेत. हीं सारीं नवीं घरेंच होत. त्यांस कठडा कोणीं व केव्हां घालावा, हा आजच्या उपदेशाचा विषय आहे.

1957 सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. तें अगदीं निरुपद्रवी आहे असें सांगण्यांत आलें, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचूनही तें मिळूं लागलें. गरोदर स्त्रियांस सकाळीं मळमळ होते, तिच्यावरही तें देण्यांत येऊं लागलें. परंतु उदरांतील बालकावर त्याचा काय परिणाम होईल, हें कोणीं नीट पाहिलें नव्हतें. पुढें अनेक देशांत हात किंवा पाय नसलेलीं, अथवा अत्यंत आंखूड हातापायांचीं बालकें जन्मास येऊं लागलीं. जर्मनींत डॉक्टर लेंझ आणि ऑस्ट्रेलियांत डॉक्टर मॅक्‌ब्राइड यांनीं या अनर्थाचें कारण ओळखून जाहीर केलें, तेव्हां 1961 च्या नोव्हेंबरांत तें औषध जर्मनींत बाजारांतून काढण्यांत आलें. तोंपर्यंत दहा हजारांहून अधिक बालकें त्याला बळी पडलीं होतीं. त्यांतलीं पुष्कळ तर जन्मतांच किंवा थोड्याच दिवसांत मरण पावलीं. त्या आयांचा काय अपराध होता? ज्या धाब्यावर त्यांस जावयास सांगितलें त्यावर त्या विश्वासानें गेल्या; कठडा मात्र तेथें नव्हता.

याच वेळीं अमेरिकेंत एक बाई आपल्या मेजापाशीं बसून कठडा बांधीत होत्या. त्यांचें नांव डॉक्टर फ्रान्सिस केल्सी. 1960 सालीं त्या तेथील सरकारच्या औषध-खात्यांत नोकरीस लागल्या, आणि पहिल्याच कामांत थॅलिडोमाइड विकण्याच्या परवानगीचा अर्ज त्यांजपुढें आला. अर्जावर साठ दिवसांत हरकत न निघाल्यास परवानगी आपोआप मिळावी, असा त्या वेळचा कायदा होता. केल्सीबाईंनीं पुरावा अपुरा आहे असें लिहून अर्ज परत केला. व्यापाऱ्यांनीं वारंवार तगादा लाविला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. तरी त्या प्रत्येक वेळीं तेंच विचारीत : हें निर्धोक आहे याचा पुरावा कोठें आहे? पुढें या औषधानें हातापायांच्या ज्ञानतंतूंस इजा होते असें पत्र एका वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या वाचनांत आलें, तेव्हां उदरांतील बालकाविषयींही त्यांनीं पुरावा मागितला. तो मिळाला नाहीं, आणि परवानगीही मिळाली नाहीं. तरीसुद्धां नमुना म्हणून हजारांहून अधिक डॉक्टरांस त्या गोळ्या वांटल्या गेल्या होत्या, आणि त्या देशांतही सुमारें 17 बालकें व्यंगासह जन्मलीं. परवानगी दिली असती तर किती घरांत आकांत झाला असता!

1962 सालीं अमेरिकेंत नवा कायदा झाला. औषध गुणकारी आहे हेंही आधीं सिद्ध करावें, आणि ज्यांच्यावर नवें औषध अजमावून पाहावयाचें त्यांस तें सांगून त्यांची संमति घ्यावी, असें त्यांत ठरलें. केल्सीबाईंनीं कांहीं नवा शोध लाविला नाहीं. त्यांनीं केवळ योग्य प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत त्या हालल्या नाहींत. हीसुद्धां सेवा आहे.

येथें कोणी म्हणेल, असें औषध कायमचें पुरून टाकावें. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. 1964 सालीं यरुशलेमांत डॉक्टर शेस्किन यांनीं वेदनेनें तळमळणाऱ्या एका कुष्ठरोग्यास झोप यावी म्हणून हेंच औषध दिलें, तों त्याच्या अंगावरील दुखऱ्या गांठी बऱ्या होऊं लागल्या. कुष्ठरोगांतील त्या दारुण विकारावर तें गुणकारी ठरलें, आणि 1998 सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. पण ती कडक बंधनें घालून. औषध देणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार आणि घेणारा रोगी, या सर्वांची नोंद व्हावी, आणि गरोदर स्त्रीच्या हातीं तें कदापि जाऊं नये, असा बंदोबस्त करण्यांत आला. उलट ब्राझील देशांत कुष्ठरोग्यांस तें देण्यांत येत असतां बंदोबस्त पुरा पडला नाहीं, आणि पहिल्या अनर्थानंतर अनेक वर्षांनीं तेथें पुन्हां तसेंच व्यंग घेऊन कांहीं बालकें जन्मलीं. औषध एकच, कठडा असला तर आशीर्वाद, नसला तर शाप.

बांधणाऱ्यांनीं आपण होऊन कठडा घातल्याचें उदाहरणही आहे. एका जीवाचें बीजद्रव्य दुसऱ्या जीवांत घालण्याची विद्या निघाली, तेव्हां 1974 सालीं पॉल बर्ग व इतर शास्त्रज्ञांनीं, धोका कळेपर्यंत कांहीं प्रयोग थांबवावे, अशी आपल्याच सोबत्यांस विनंति केली. 1975 च्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील असिलोमार येथें ते एकत्र जमले, आणि जितका धोका अधिक तितका बंदोबस्त अधिक, असा त्यांनीं नियम केला. मग काम पुढें चाललें. आणि याच विद्येनें तयार झालेल्या इन्शुलिनास 1982 सालीं परवानगी मिळाली. मधुमेह झालेल्या असंख्य लोकांस तें आज जगवीत आहे. कांहीं काळ थांबल्यानें त्यांचें घर मोडलें नाहीं, उलट तें टिकलें.

आतां आपल्या शेताकडे पाहूं. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर विषारी औषध फवारतांना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले. अनेकांच्या हातांत मोजे नव्हते, तोंडावर फडकें नव्हतें. डब्यावर सूचना छापलेली असते. पण ती बारीक अक्षरांत, आणि फवारणाऱ्याला वाचतां येत नसलें तर ती त्याच्यासाठीं नसल्यासारखीच. अशा वेळीं, मजुरानेंच काळजी घ्यावयास हवी होती, असें म्हणणें फार सोपें आहे. परंतु शास्त्र पडणाऱ्याचा दोष शोधीत नाहीं. तें बांधणाऱ्यास जाब विचारतें. विष करणारा, विकणारा, त्याला परवाना देणारा, हे सर्व त्या घराचे बांधणारे आहेत. आणि बंधूंनो, ज्याच्या शेतांत रोजानें माणूस फवारणी करितो तो मालकही बांधणाराच आहे, मग तो आपल्या मंडळींतला कां असेना.

आपल्या खिशांतील फोनचीही हीच गोष्ट. यंत्र आतां ओळखीच्या माणसाचा आवाज हुबेहूब काढतें, आणि त्या आवाजानें लबाड लोक पैसे मागतात. युरोपीय संघानें 2024 सालीं अशा बुद्धिवान यंत्रांसाठीं कायदा केला, आणि त्यांतही जितका धोका अधिक तितकें बंधन कडक, असेंच तत्त्व आहे. आपल्या देशांतही लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 सालीं झाला. कायदा झाला म्हणजे कठडा झाला असें नव्हे. त्याचे चिरे रोज कोणीतरी बसवावे लागतात.

कित्येक भाविक म्हणतात, देव राखणारा आहे, मग एवढी चौकशी कशाला? त्यांनीं आपला दुसरा शास्त्रपाठ वाचावा. सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभें करून म्हटलें कीं, खालीं उडी टाक, देवदूत तुला झेलतील. आणि त्यासाठीं शास्त्राचें वचनही त्यानें पुढें केलें. प्रभूनें उडी टाकली नाहीं. बापाची परीक्षा पाहणें हा विश्वास नव्हे, असें त्यानें ठरविलें. मग आपल्या शेजाऱ्याला कडेवर उभें करून, देव त्याला झेलील, असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

म्हणून गांवोगांवच्या उपदेशकांस एक विनंति आहे. देवानें तुम्हांला अक्षरें दिलीं आहेत. फवारणीचे दिवस आले म्हणजे सायंकाळच्या प्रार्थनेनंतर विषाचा रिकामा नव्हे, तर भरलेला, झांकण न उघडलेला डबा मागवून त्यावरील सूचना मोठ्यानें वाचून दाखवा. डब्यावरील रंगीत खुणेचा अर्थ सांगा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि शेवटीं हिरवा. मोजे व फडकें दिल्यावांचून मजुरास शेतांत धाडूं नये, असें मंडळींत ठरवा. फोनवर कोणीं पैसे मागितले तर त्या माणसाला उलट फोन करून खात्री करण्यास म्हाताऱ्यांस शिकवा. कोणतीही नवी वस्तु गांवांत आली म्हणजे केल्सीबाईंप्रमाणें विचारा : हिच्यापासून इजा झाली तर ती कोणाला होईल, आणि त्याला हें कोणीं सांगितलें आहे काय? हा प्रश्न विचारणें म्हणजे प्रगतीच्या आड येणें नव्हे. तें शेजाऱ्यावर प्रीति करणें आहे.

ज्या प्रभूनें आपल्या लहानांतल्या लहानास जपलें, तो आपल्या हातांस नवीं घरें बांधण्याचें बळ देवो, आणि प्रत्येक धाब्यावर, कोणी पडण्याच्या आधीं, कठडा घालण्याची बुद्धि देवो. आमेन.