अन्नाची शुद्धता आणि आरोग्य

रासायनिक खतें व कीटकनाशकें यांवांचून पिकविलेलें, म्हणजे ज्यास सेंद्रिय म्हणतात तें अन्न, इतर अन्नाहून अधिक आरोग्यदायक असतें काय, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. एका पक्षास तें अमृत वाटतें, तर दुसऱ्यास श्रीमंतांचें खूळ. प्रश्न वरवर केवळ वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याच्या पोटीं नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे, आणि तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम वैद्यकाचा भाग पाहूं. २०१२ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं तोंपर्यंतचे प्रयोग तपासले. पोषणांत सेंद्रिय अन्न विशेष सरस असल्याचा भक्कम पुरावा त्यांस आढळला नाहीं, मात्र कीटकनाशकांचा अंश त्यांत कमी आढळला. २०१४ सालीं न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकारानें ३४३ निबंधांचें परीक्षण झालें. त्यांत सेंद्रिय पिकांत कांहीं उपयुक्त द्रव्यें अधिक व कॅडमियम हा विषारी धातु कमी असल्याचें दिसलें. कर्करोगासंबंधीं फ्रान्समधील २०१८ च्या एका मोठ्या पाहणीचा कौल सेंद्रिय अन्नाच्या बाजूनें पडला. परंतु इंग्लंडांतील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१४ च्या पाहणीत एकंदर कर्करोगांत घट दिसली नाहीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. महाग अन्न विकत घेणारें कुटुंब बहुधा सुस्थितींतील असतें. तें भाजीपाला अधिक खातें आणि वैद्याकडेही वेळेवर जातें. त्याच्या निरोगीपणाचें सारें श्रेय सेंद्रिय अन्नास देणें न्यायाचें होणार नाहीं. तात्पर्य, विषाचा अंश पोटांत कमी जातो, एवढें खरें. तेवढ्यानें खाणारा अधिक निरोगी होतो, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

मग वाद संपला काय? आमच्या मतें नाहीं. आरोग्य कोणाचें, हें आपण विचारलेंच नाहीं. तें खाणाराचें, असें गृहीत धरून चाललों. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशीचें बोंड कोणी ताटांत वाढून घेत नाहीं. अन्नाचे कितीही नमुने तपासले तरी हे मृत्यु त्यांत दिसणार नाहींत. केरळांतील कासारगोड जिल्ह्यांत काजूच्या मळ्यांवर एंडोसल्फान हें विष वर्षानुवर्षें आकाशांतून फवारलें गेलें. आजारांच्या व व्यंगांच्या तक्रारी मळ्यांभोवतालच्या खेड्यांतून आल्या, काजू खाणाऱ्या शहरांतून नव्हे. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या विषावर बंदी घातली.

यावर कोणी म्हणेल, ‘मग रसायनें सर्वत्र बंद करा.’ तेंही इतकें सोपें नाहीं. २०२१ सालीं श्रीलंकेच्या सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली; भाताचें पीक घटलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो हुकूम मागें घ्यावा लागला. जमिनीची भूक हुकुमानें भागत नाहीं, आणि उपासमार हाही एक रोगच आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली, ती वर्षानुवर्षांच्या प्रयोगानें. माती, पीक, जनावर व मनुष्य यांचें आरोग्य एकाच सांखळीचें आहे, हें त्यांच्या विचारांचें सार. त्या सांखळींत शेतांत राबणाऱ्या मनुष्याचा दुवा सर्वांआधीं येतो.

जो केवळ स्वतःच्या देहासाठीं दुप्पट दाम मोजतो, तो एक खासगी कवच विकत घेतो. त्यांत पाप नाहीं, पण पुण्यही नाहीं. ज्यास तेवढे दाम परवडत नाहींत, त्यासही कर्तव्य चुकत नाहीं. जहाल विषांस बंदी, फवारणाऱ्यास संरक्षण आणि खतपालट करूं पाहणाऱ्या शेतकऱ्यास मधल्या तोट्याच्या वर्षांत आधार, यांसाठीं आग्रह धरणें पैशावांचूनही शक्य आहे. जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्याची आपली रीत आहे. तो आशीर्वाद यजमानापाशींच थांबूं नये. तो बांधापर्यंत पोंचला पाहिजे.